कोरियन 'बोदा' आणि आपलं 'बघणं': एका मोफत शब्दकोशाचं परीक्षण

कोरियन शिकायला घेतलेल्या मराठी माणसाने पहिल्या महिन्यात एकच क्रियापद नीट मुरवायचं ठरवलं, तर ते 'बोदा' असावं. 'हादा' म्हणजे 'करणे' त्याहून जास्त वेळा कानावर पडतं, पण त्याचा उलगडा लगेच होतो. 'बोदा'चं तसं नाही. 'बोदा' म्हणजे बघणे, आणि आपल्या 'बघणे'सारखंच तेही डोळ्यांपाशी थांबत नाही. चव बघणे, घर बघणे, स्थळ बघणे, करून बघणे, 'बघून घेईन' असा दम देणे, हे सगळं कोरियनमध्ये याच एका क्रियापदावर चालतं. इंग्रजीतून कोरियन शिकणाऱ्याला यातला एकेक अर्थ वेगळा पाठ करावा लागतो. आपल्याला निम्म्याहून जास्त आयते मिळतात. पुण्यातल्या बहुतेक शिकणाऱ्यांना मात्र हे कुणी सांगत नाही, कारण वह्या, ॲप आणि व्हिडिओ सगळे इंग्रजीतून समजावतात.

म्हणूनच कोरियाच्या राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेचा 'हान्गुगॉ गिछो साजॉन', म्हणजे परदेशी शिकणाऱ्यांसाठीचा पायाभूत शब्दकोश, आम्ही या एकाच क्रियापदावर घासून पाहिला. शब्दकोश संकेतस्थळावर आहे, फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि पूर्ण मोफत आहे. सुमारे 50,000 शब्द आहेत. अर्थ 11 परकीय भाषांत दिलेले आहेत: इंग्रजी, जपानी, चिनी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, अरबी, मंगोलियन, व्हिएतनामी, थाई आणि इंडोनेशियन. भारतातली एकही भाषा नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावला ह्युंदाईचा आहे, डेक्कनपासून पिंपरीपर्यंत संध्याकाळचे कोरियन वर्ग चालतात. अशा शहरातल्या माणसालाही इंग्रजीच्या खिडकीतूनच आत डोकवावं लागतं. शब्दकोश उत्तम आहे, पण त्यातल्या इंग्रजी रकान्यावर विसंबू नये, हे आमचं पहिलं आणि शेवटपर्यंत टिकलेलं मत.

आधी लिपीबद्दल. इथे कोरियन शब्द देवनागरीत दिले आहेत. 'ऑ' दिसेल तिथे 'कॉफी'तला ऑ, पण ओठ तेवढे गोल करायचे नाहीत. शब्दाच्या सुरुवातीचा ब, द, ग, ज कोरियन माणूस घसा न थरथरवता उच्चारतो, त्यामुळे आपल्या कानाला 'बोदा' हा 'पोदा'च्या जवळ ऐकू येतो. दोन स्वरांच्या मध्ये आला की तोच ब स्वच्छ ब होतो. शब्दकोशातल्या शब्दापुढचं स्पीकरचं चिन्ह दाबून हा फरक चार-पाच वेळा ऐकावा. इथेच कान तयार झाला नाही, तर पुढे कोरियन माणसाच्या तोंडून आलेला 'बोदा' ओळखूच येत नाही.

शोधायला कोरियन कीबोर्ड लागतो. फोनच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भाषा वाढवली की तो मिळतो. नेहमीच्या दोन-संची मांडणीत व्यंजनं डाव्या हाताला आणि स्वर उजव्या हाताला असतात. 'बोदा'साठी इंग्रजी अक्षरांच्या जागा क्यू, एच, ई, के अशा आहेत. चार टकटकीत शब्द तयार, अक्षरं आपोआप जोडली जातात. शोधताना मूळ रूपच टाकावं, ज्याच्या शेवटी 'दा' असतो. मालिकेत ऐकलेलं 'ब्वास्सॉयो' तसंच टाकून शोधत बसू नये. 'दा' काढला की उरतो 'बो', तो धातू. आपण 'बघणे'तला 'णे' काढतो तसंच.

शोधल्यावर पहिला धक्का बसतो. एक नाही, अनेक 'बोदा' समोर येतात. पहिला मुख्य क्रियापदाचा. दुसरा सहायक क्रियापदाचा, म्हणजे 'करून बघणे'तला. तिसरा अंदाजाचा. शिवाय 'अधिक' या अर्थाचं क्रियाविशेषण, आणि 'पेक्षा' या अर्थाचा प्रत्यय. नवखा माणूस पहिली नोंद उघडतो, तिच्यातच वीसच्या वर अर्थ बघून दमतो आणि बाकीच्या नोंदींकडे वळत नाही. मांडणी भाषाशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र अडचणीची आहे, कारण बोलण्यात सर्वांत आधी लागतो तो दुसरा 'बोदा'. पहिल्या नोंदीचे वरचे चार-पाच अर्थ वाचावेत आणि थेट दुसरीकडे जावं.

तरी पहिल्या नोंदीतल्या तीन गोष्टी सोडू नयेत. शब्दापुढच्या चांदण्या पातळी सांगतात: तीन म्हणजे प्राथमिक, दोन मध्यम, एक वरची. 'बोदा'ला तीन आहेत. त्याखाली रूपांची ओळ आहे, आणि तिच्यात लहानसा खजिना आहे: 'बोआ' आणि त्याचं आखूड रूप 'ब्वा'. धातूतला शेवटचा स्वर 'आ' किंवा 'ओ' असेल तर पुढे 'आ' जोडायचा, नाहीतर 'ऑ', हा कोरियनचा पायाचा नियम. 'बो'मध्ये ओ आहे, म्हणून बो अधिक आ म्हणजे बोआ, आणि बोलताना ते आवळून 'ब्वा'. त्याला 'यो' लावला की 'ब्वायो': बघतो, बघते, बघतात, बघा, सगळं तेच. कर्त्याच्या लिंगावचनाने रूप बदलत नाही. भूतकाळ 'ब्वास्सॉयो'. घाईच्या बोलण्यात 'ब्वा'तला व गळतो आणि नुसतं 'बा' ऐकू येतं. ते चुकीचं नाही, लिहिताना मात्र पूर्ण लिहायचं.

तिसरी गोष्ट वाक्याचा साचा. प्रत्येक अर्थाखाली, कोण कुणाला बघतो आणि कोणता प्रत्यय कुठे लागतो, हे थोडक्यात दिलेलं असतं. ही ओळ बहुतेक जण वाचत नाहीत, आणि मराठी माणसाची हमखास चूक नेमकी इथे होते. आपण म्हणतो 'माझ्याकडे बघ'. 'कडे' मनात असतो, म्हणून शिकणारा 'नाएगे ब्वायो' म्हणून मोकळा होतो. 'एगे' म्हणजे 'कडे, ला'. कोरियनला इथे सरळ कर्म लागतं: 'नारुल ब्वायो'. साच्याच्या ओळीत कर्माचाच प्रत्यय दाखवलेला आहे. 'मी त्याच्याकडे मित्र म्हणून बघतो' या वाक्याचंही तसंच. अर्थ मराठीशी तंतोतंत जुळतो, पण 'त्याच्याकडे'च्या जागी 'त्याला' आणि 'मित्र म्हणून'च्या जागी 'रो' किंवा 'उरो' प्रत्यय. साचा बघितला तर चूक होत नाही.

रूपांच्या ओळीत जे नाही ते स्वतः वहीत लिहून काढावं लागतं. 'बोम्निदा' हे औपचारिक रूप, बातम्यांत आणि बैठकीत ऐकू येणारं: लिहिताना 'बोब' अधिक 'निदा', पण न-च्या शेजारी ब चा म होतो. 'बोसेयो' म्हणजे 'बघा' ही आदराची विनंती. मोठ्या माणसाबद्दल बोलताना 'बघतात' हा अर्थही त्याच रूपातून निघतो. 'बोल्कायो?' म्हणजे 'बघूया का?'. 'बोजी मासेयो' म्हणजे 'बघू नका'. 'बोगो शिफॉयो' म्हणजे शब्दशः 'बघावंसं वाटतं', आणि माणसाबद्दल म्हटलं की 'आठवण येते'. याचा उच्चार 'सिपॉयो' करू नये. इ-काराच्या आधी आलेला स कोरियनमध्ये श होतो, आणि इथला ओठांचा वर्ण हवेच्या झोताचा आहे. नामाला जोडून येणारी रूपं तीन: 'बोनुन' बघत असलेला, 'बोन' बघितलेला, 'बोल' बघायचा. ही तीन पाठ झाली की वाक्यं लांब करता येतात.

आता दुसरी नोंद. कृती अशी: हव्या त्या क्रियापदाचा 'दा' काढा, स्वर बघून 'आ' किंवा 'ऑ' लावा, पुढे 'बोदा' ठेवा. 'मॉक्ता' म्हणजे खाणे (लिहिताना शेवटी 'दा'च, उच्चारात 'ता'). त्याचं 'मॉगॉ', आणि 'मॉगॉ बोसेयो' म्हणजे 'खाऊन बघा'. मिसळीची ताटली कोरियन पाहुण्यापुढे सरकवताना हेच म्हणायचं. 'गादा' जाणे, त्यात आ आधीच आहे, म्हणून नुसतं 'गा बोदा'. 'हादा' अपवाद, त्याचं 'हे बोदा', करून बघणे. 'इप्ता' म्हणजे कपडे घालणे, त्याचं 'इबॉ बोदा'. लक्ष्मी रोडच्या दुकानात आपण विचारतो 'घालून बघू का?', सोलच्या दुकानात तेच 'इबॉ ब्वादो द्वेयो?'. बूट, चप्पल, मोजे असतील तर 'शिनॉ ब्वादो द्वेयो?', कारण पायात घालायचं क्रियापद वेगळं. 'दुत्ता' म्हणजे ऐकणे, ते जरा वाकडं जातं: त चा र होतो आणि 'दुरॉ बोदा' मिळतं. मराठीचा 'ऊन' आणि कोरियनचा हा 'आ/ऑ' एकमेकांच्या जागी बसवून बघा. शंभरातली बरीच वाक्यं तशीच उतरतात.

शब्दकोशात इथे कोरियन व्याख्या अगदी नेमकी आहे: आधीच्या शब्दाची कृती चाचणीदाखल करणं. इंग्रजी रकान्यात 'ट्राय' येतो आणि घोळ तिथे सुरू होतो. इंग्रजी 'ट्राय'मध्ये दोन गोष्टी आहेत: करून बघणं, आणि करायचा प्रयत्न करणं. मराठी त्या वेगळ्या ठेवते, कोरियनही ठेवते. 'दार उघडून बघितलं' म्हणजे 'मुनुल यॉरॉ ब्वास्सॉयो', आणि ऐकणारा दार उघडलं असंच बहुधा समजतो. 'दार उघडायचा प्रयत्न केला, पण उघडलं नाही' यासाठी 'यॉल्ल्यॉगो हेस्सॉयो' हा वेगळा मार्ग. वाक्य मनात इंग्रजीत जुळवलं की ही दोन एकमेकांत मिसळतात. मराठीत जुळवलं की आपोआप सुटी राहतात. वर्गात शिक्षक इंग्रजीतून समजावत असले तरी वहीत उजव्या बाजूला मराठीच लिहावं, असं आम्ही आग्रहाने सांगतो, ते यासाठी.

'बघणे'ची ही किल्ली अडते ती भूतकाळात. 'गा ब्वास्सॉयो' याचं मराठी 'जाऊन बघितलं' असं केलं तर अर्थ हुकतो. कोरियन माणूस त्यातून अनुभव सांगत असतो: 'गेलोय तिथे'. 'सिंहगडए गा ब्वास्सॉयो?' म्हणजे 'सिंहगडावर गेलायत का कधी?'. 'मॉगॉ ब्वास्सॉयो' म्हणजे 'खाल्लंय मी ते'. अनुभव जास्त ठसवायचा असेल तर 'बोन जॉगी इस्सॉयो' हा साचा, शब्दशः 'बघितलेला प्रसंग आहे'. आणि एक बंधन कायम ध्यानात ठेवायचं: 'बोदा'लाच पुन्हा 'बोदा' लावून अनुभव सांगत नाहीत. सिनेमा बघितलाय म्हणायचं तर 'ब्वास्सॉयो' किंवा 'बोन जॉगी इस्सॉयो' पुरे. 'ब्वा ब्वास्सॉयो' कानाला खटकतं. 'ब्वा ब्वा' मात्र रोज ऐकू येतं, ते आज्ञार्थी: 'बघ ना, बघ तर'.

कंपनीत काम करणाऱ्यांसाठी यातला एक पदर फार महत्त्वाचा. आपल्याकडे साहेबाने काम सांगितलं आणि उत्तर 'बघतो' आलं, तर ते होकार आहे की टाळाटाळ, हे आवाजावरून ओळखावं लागतं. कोरियन वरिष्ठाला 'हे बोगेस्सुम्निदा', म्हणजे 'करून बघतो', असं म्हटलं की ते नम्र होकार म्हणून घेतलं जातं, आणि काम झालं का याची विचारणा होते. होकार द्यायचा नसेल, तर 'सेङ्गाखे बोल्केयो', म्हणजे 'विचार करून बघतो', हे वेगळं वाक्य आहे. उलट बाजूनेही सावध राहावं. समोरून 'गॉम्थोहे बोगेस्सुम्निदा', 'तपासून बघतो', असं उत्तर आलं, तर पुष्कळदा तो सौम्य नकार असतो. शब्दकोशात हे सापडणार नाही. त्याच्या उदाहरणांतल्या दोन माणसांच्या संवादांवरून सूर थोडाफार पकडता येतो, तेवढंच.

या संवादांचं कौतुक मात्र मोकळेपणाने करायला हवं. प्रत्येक अर्थाखाली आधी दोन-तीन शब्दांचे तुकडे, मग पूर्ण वाक्यं, आणि जागोजागी दोघांचं बोलणं अशी चढण आहे. तुकडे विशेष कामाचे, कारण 'बोदा'चे बरेच अर्थ कर्मावर ठरतात. 'गानुल बोदा' म्हणजे मीठ बघणे: उकळत्या रश्श्यातला थेंब तळहातावर घेऊन चाटतात, ते. 'मासुल बोदा' चव बघणे. या दोन्हींत कोरियन आणि मराठी स्वयंपाकघर एकच क्रियापद वापरतात, तर इंग्रजीला तिथे दुसरे शब्द आणावे लागतात. 'जिबुल बोदा' घर बघणे, म्हणजे सगळे बाहेर गेल्यावर घर राखणे. 'आइरुल बोदा' मूल बघणे, सांभाळणे. 'ह्वान्जारुल बोदा' डॉक्टरने पेशंट बघणे. 'साजुरुल बोदा' जन्मवेळेवरून भविष्य बघणे, आपलं पत्रिका बघणं. 'सॉनुल बोदा' लग्नासाठी स्थळ बघणे. फक्त कोरियनमध्ये हे दोन्ही बाजूंना सारखंच लागू पडतं, मुलगा आणि मुलगी एकमेकांना बघतात. 'सोन्जारुल बोदा' नातू होणे, आपण नातवाचं तोंड बघितलं म्हणतो तसं. आणि 'दुगो बोजा!' म्हणजे हुबेहूब 'बघून घेईन!'. हे शब्दशः 'ठेवून बघू' असं आहे, पण दम तोच.

जिथे मराठी साथ देत नाही ते तुकडे वेगळ्या पानावर लिहून पाठच करावे लागतात. 'शिहॉमुल बोदा' म्हणजे परीक्षा देणे. मराठी माणूस 'देणे' या अर्थाचं 'जुदा' वापरून मोकळा होतो, आणि मग परीक्षा दुसऱ्या कुणाला दिल्यासारखं होतं. 'जाङुल बोदा' बाजार करणे, मंडईतून भाजी-किराणा आणणे. कपडे-मोबाइल घ्यायला हे वापरत नाहीत. 'सोनहेरुल बोदा' नुकसान सोसणे. 'ह्युङुल बोदा' पाठीमागे नावं ठेवणे. 'छेगुल बोदा', 'शिनमुनुल बोदा' पुस्तक आणि पेपर वाचणे, इथे 'बघणे'ने थोडं भागतं. 'बोल्लिरुल बोदा' म्हणजे काम उरकणे. संडासला जाऊन येण्यासाठीही हाच सभ्य शब्द, म्हणून ऑफिसात संदर्भ बघून वापरावा.

याच क्रियापदाचं भावंड 'बोइदा' आहे, आणि त्याची नोंद वेगळी उघडावी लागते. 'बोइदा' म्हणजे दिसणे, आणि दाखवणेही. इंग्रजीतून शिकणारा 'लुक' या एका शब्दात अडकतो आणि 'ती छान दिसते' याला 'येप्पॉ ब्वायो' म्हणून जातो. बरोबर रूप 'येप्पॉ बोयॉयो'. मराठीत 'छान बघते' आणि 'छान दिसते' यांत कुणाचाही गोंधळ होत नाही. तोच फरक तसाच उचलायचा. 'बोयॉ जुसेयो' म्हणजे 'दाखवा'. दुकानात, कारखान्यात, रस्ता विचारताना हे वाक्य रोज लागतं.

तिसरी नोंद अंदाजाची. 'बिगा ओना ब्वायो': 'पाऊस पडतोय वाटतं'. खिडकीतून लोकांच्या छत्र्या दिसल्या, पाऊस अजून दिसला नाही, अशा वेळचं हे वाक्य. डोळ्यांपुढच्या पुराव्यावरून काढलेला अंदाज म्हणून बघण्याचं क्रियापद. क्रियापदाला 'ना ब्वायो', विशेषणाला 'न गा ब्वायो' किंवा 'उन गा ब्वायो': 'बाप्पुनगा ब्वायो', 'कामात आहेत वाटतं'. इथे दोन चुका नेहमीच्या. भूतकाळ मागे लावणं ही एक. 'ओना ब्वास्सॉयो' होत नाही, भूतकाळ आधी लावून 'वान्ना ब्वायो' म्हणायचं, 'पाऊस पडून गेला वाटतं'. दुसरी, स्वतःच्या मनातल्या गोष्टीसाठी हे वापरणं. स्वतःला भूक लागली आहे की नाही, याचा पुरावा बाहेर शोधायची गरज नसते. जवळचंच दुसरं वळण 'ल्का ब्वा': 'नुजुल्का ब्वा थॅक्शिरुल थास्सॉयो', 'उशीर होईल की काय म्हणून टॅक्सी केली'. याच्यापुढे आज्ञा किंवा 'चला, करूया' येत नाही. काय केलं तेच सांगायचं.

'पेक्षा'चा 'बोदा' सर्वांत सोपा, आणि त्याचं मराठीशी साम्य बघून शिकणारे खूश होतात. 'मुम्बाइबोदा फुनेगा शिवॉन्हेयो': मुंबईपेक्षा पुणं थंडगार. शब्दांचा क्रम तोच, विशेषण तेच राहतं, प्रत्यय नामाला चिकटून. सहायक 'बोदा' मात्र मुळात सुटा लिहितात. बऱ्याच ठिकाणी जोडून लिहिलेलाही चालतो. 'मुरॉबोदा' विचारणे, 'आराबोदा' चौकशी करणे, 'छाजाबोदा' शोधून बघणे, हे शब्द शब्दकोशात एकत्रच आहेत, म्हणून ते जोडूनच लिहावेत. शंका आली की जोडलेलं रूप शोधून बघावं: स्वतंत्र नोंद मिळाली तर एक शब्द.

आदराच्या बाबतीत हा शब्दकोश जे देतो ते पुरेसं आहे, पण विखुरलेलं आहे. समोरचा मोठा माणूस बघत असेल तर 'बोशिदा', त्याचं 'बोसेयो', भूतकाळ 'बोशॉस्सॉयो'. आपण मोठ्या माणसाला भेटत असू तर क्रियापदच बदलतं: 'ब्वेप्ता'. पहिल्या भेटीत 'छॉउम ब्वेप्केस्सुम्निदा'. शिक्षकांना निरोप देताना 'नेइल ब्वेयो', उद्या भेटतो. बरोबरीच्या मित्राला 'नेइल ब्वा' चालतं. या 'ब्वेयो'चं स्पेलिंग कोरियन लोकही चुकवतात. ते 'ब्वे' अधिक 'ऑ' मिळून झालेलं आखूड रूप आहे, त्यामुळे लिहिताना नुसता धातू आणि 'यो' एवढं पुरत नाही. हे 'बोदा'च्या पानावरून कळत नाही; 'ब्वेप्ता' आणि 'ब्वेदा' वेगळे शोधावे लागतात.

फोन उचलल्यावरचं 'यॉबोसेयो' हेसुद्धा 'इकडे बघा' यावरून आलेलं आहे. त्याच घरातला 'यॉबो' हा नवरा-बायकोने एकमेकांना हाक मारायचा शब्द, आपल्या 'अहो' आणि 'अगं'च्या जागी बसणारा. वर्गमित्राला गमतीने 'यॉबो' म्हणू नये.

आमचा निवाडा: कोरियन व्याख्या, उदाहरणं, उच्चार आणि साचे यांसाठी यापेक्षा भरवशाचं मोफत साधन आमच्या माहितीत नाही. मांडणी नवख्याला फिरवते, आणि 'बोदा'वर उभे राहिलेले व्याकरणाचे साचे एका पानावर एकत्र दिसत नाहीत. अगदी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, लिपी बसायच्या आधी, याच्या वाटेला जाऊ नये. तोवर शिक्षक किंवा वर्गाचं पुस्तक बरं. लिपी आली की आठवडाभर रोज 20 मिनिटं द्यावीत. पहिला दिवस उच्चार आणि रूपं, पुढचे तीन दिवस दुसरी नोंद आणि स्वतःची 10-10 वाक्यं, मग कर्मांचे तुकडे, शेवटी अंदाज आणि 'पेक्षा'. वहीचे दोन भाग करावेत: 'बघणे'ने उघडतात ते अर्थ डावीकडे, अडतात ते उजवीकडे. उजवी बाजू लहान निघते, आणि पाठ करायची तेवढीच.

या शब्दकोशाचा मजकूर मुक्त परवान्याखाली आहे. नाव देऊन आणि त्याच अटींवर, तो घेऊन वाढवता येतो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषा शिकवण्याची परंपरा जुनी आहे, आणि पुण्यात कोरियन जाणणारी माणसंही आता आहेत. बारावा रकाना मराठीचा व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं. सुरुवात तीन चांदण्यांच्या शब्दांपासून करता येईल, आणि 'बोदा'च्या पानावर दुसऱ्या नोंदीपुढे एवढंच लिहावं लागेल: '-ऊन बघणे; भूतकाळात, पूर्वी केलेलं असणे'.